तोरणाखालून पहिली

नाना गेल्याला आज सोळा दिवस झाले. तेरावं झालं, पंगती उठल्या, मांडवाचे बांबू ट्रॅक्टरमध्ये टाकून माणसं निघून गेली आणि मळ्यातल्या या दोन खोल्यांत मी एकटी उरले. मुलगा सुरतेहून रोज फोन करतो, आई, आता नंदुरबारला आपल्या घरी जा म्हणतो. जाईन म्हणते. परवा नवापूरकडचा एक माणूस गाडी घेऊन येणार आहे आणि माझ्या भावाची, नानाची, डुकरं घेऊन जाणार आहे. तोवर त्यांना खायला कोण घालणार, हे मी सगळ्यांना सांगितलेलं कारण. दुपारचे चार वाजले की खुराड्याकडून आवाज सुरू होतो. आधी थोरली मादी घशातल्या घशात काहीतरी म्हणते, मग बाकीच्या पाच जणी तिच्यामागून. ओट्यावर नानाची चप्पल वाजली की तो आवाज बदलायचा, त्याला एक हावरा आनंद यायचा. माझ्या चपलेला तो बदलत नाही. पाटीत कोंडा पडेपर्यंत त्या माझ्याकडे पाहत राहतात आणि माझ्या मागे कोणी येतंय का ते बघतात.

ही डुकरं कशी आली ते लिहावं असं फार वर्षांपासून मनात होतं. नाना असताना लिहिणं जमलं नाही. त्याने वाचलं असतं.

वडील मी सातवीत असताना गेले. घरात माय, नाना आणि मी. गावात गल्लीच्या तोंडाशी आमचं घर होतं, आणि गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर हा मळा. नाना शेतकी शाळेची दोन वर्षं करून परत आला तेव्हा त्याच्या पेटीत कपड्यांपेक्षा पुस्तिका जास्त होत्या. त्यांतली एक वराहपालनाची होती. मी तेव्हा हाताला लागेल ते वाचत असे, भेळेच्या पुडीचा कागदसुद्धा, म्हणून ती पुस्तिकाही मी मायला चुलीपाशी बसून मोठ्याने वाचून दाखवली. मादीचा गाभणकाळ तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. पिलांना पहिल्याच दिवशी आईचं दूध. मायने कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुस्तकमा वराह शे, बाई. गल्लीमा त्याले डुकरच म्हनतीन."

"माय, हाऊ धंदा शे. पाप नही," नाना म्हणाला.

"धंदा शे ते कर ना. घरमा काबरं?"

"घरमा कोठे? वावरमा शे."

"मंग मी बी वावरमाच ऱ्हासू. गल्लीमा आते माले हळदी-कुकूले कोन बलाई?" एवढं बोलून तिने भाकरी तव्यावर टाकली. मग तिच्या लक्षात आलं असावं की विधवेला हळदी-कुंकवाला तसंही कोणी बोलावत नव्हतं. ती स्वतःशीच हसली. त्या हसण्यात तिचा होकार होता, हे नानाला आणि मला बरोबरच कळलं.

आमच्या जातीत कोणी डुकरं पाळली नव्हती. ज्यांच्या दारात डुकरं असत त्यांच्या हातचं पाणी आमची गल्ली घेत नसे. मी हे लहानपणापासून पाहत आले होते आणि त्यात काही वावगं आहे असं मला, इतकी पुस्तकं वाचूनही, एकदाही वाटलं नव्हतं. आता तेच आमच्या वाट्याला आलं तेव्हा कुठे ते मला दिसलं. असं उशिरा दिसण्याची लाज मला आजही वाटते.

नवापूरच्या पुढे एका वस्तीत एका म्हाताऱ्या मावची आदिवासी बाईकडून नानाने पहिली जोडी आणली, एक नर आणि एक मादी. पांढरी, गुलाबी कानांची. बाईने त्याला तीन दिवस ठेवून घेतलं, आपल्या चुलीवरचं जेवू घातलं आणि पुस्तिकेत नसलेल्या गोष्टी शिकवल्या. मादीला सावली कुठली आवडते ते आधी बघ, मग खुराडं बांध. पिलाचं नाक कोरड्या फडक्याने पूस, ओल्याने नको. आणि विकायच्या जनावराला नाव देऊ नको. ही शेवटची गोष्ट नानाने पाळली. मी पाळली नाही. मादीला मी मनातल्या मनात मंगी म्हणत असे.

खुराडं पक्कं बांधायचं म्हणून वैशाखात बैल विकले, धवळ्या आणि सरदार. नांगरट आता भाड्याच्या ट्रॅक्टरवर होईल असं नाना म्हणाला. धवळ्याला नेताना मायने त्याच्या कपाळाला हात लावला नाही. ती विहिरीवर जाऊन बसली आणि माणसं गेल्यावरच उठली. मग गल्लीतलं घर बंद करून आम्ही मळ्यात राहायला आलो. इथे आवाज फार थोडे होते. विहिरीवरचं इंजिन, पत्र्यावर पडणाऱ्या लिंबोळ्या, संध्याकाळी दूरच्या रस्त्याने जाणारी एसटी. गल्लीत मला पुस्तक घेऊन बसायला निवांत कोपरा मिळायचा नाही म्हणून मी चिडायचे. मळ्यात सगळेच कोपरे निवांत होते. पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं की मी एकच पान पुन्हा पुन्हा वाचते आहे, आणि गल्लीतून कोणी हाक मारावी म्हणून कान तिकडे आहेत. शाळेच्या वाटेवर मैत्रिणी भेटत. बोलत, पण डबा उघडला की आपापल्या बाजूला सरकून बसत.

तरीही त्या पावसाळ्यात आमच्या घरी एक आनंद होता. नानाची सोयरीक ठरली होती. रनाळ्याची सुमन. डुकरांची गोष्ट नानाने स्वतः तिच्या वडिलांना आधी सांगितली होती. त्यांनी बराच वेळ विचार करून, पोरगा शिकलेला आहे, धंदा धंद्याच्या ठिकाणी, असं म्हणून साडी-नारळ केलं होतं. लग्न दिवाळीनंतर. साखरपुड्यात सुमनने मला जवळ बसवून हळूच विचारलं होतं, "त्या चावतस का?" मी नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग व्हई." तेवढ्या दोन शब्दांवर मी तिला आपली मानून टाकलं. ती येईल, मळ्यात आणखी एक आवाज होईल, दुपारी दोघी मिळून मिरच्या तोडू, असं मी रोज मनाशी जुळवत असे. मिरचीची रोपं तेव्हा घोट्याएवढी झाली होती. डुकरांचं खत मिळालेल्या ओळी नुसत्या बघूनही ओळखू येत, इतकी त्यांची पानं काळसर हिरवी होती.

आणि पोळा आला.

आमच्याकडे पोळ्याला खापरावरचे मांडे करतात. उपड्या खापरावर हातावरून फिरवत फिरवत पसरलेली, रुमालाएवढी मोठी पुरणपोळी. मायने सकाळपासून पुरण वाटलं, कणीक तिंबली, आणि मांडे झाल्यावर नेहमीप्रमाणे दोन मांडे दोन ताटांत वेगळे काढले. ती ताटं घेऊन ती गोठ्यात गेली. गोठा रिकामा होता. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. हातच सवयीने तिकडे गेले होते. मी दारातून पाहिलं, तिने दोन्ही ताटं गव्हाणीत ठेवली आणि ती गव्हाणीच्या दगडावर बसून राहिली. रडली नाही. पदराने त्या ताटांवरच्या माश्या वारत राहिली. नाना मिरचीत पाणी धरत होता. गावाकडून ढोलाचा आवाज येत होता, मध्येच घुंगरांचा. वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असणार, त्याच्या अलीकडे गावचे सगळे बैल रंगवून उभे असणार. तोरणाखालून पहिली जोडी जायची ती भिका काकांची. त्यांच्या घरात पाटीलकी होती, तो मान त्यांचा. त्यांचे बैल गेले की पोळा फुटला, मग बाकीच्यांनी जायचं आणि घरोघर पुरण खायचं.

मला ती गव्हाण बघवेना. माय उठून आत गेल्यावर मी एक ताट उचललं. माळ्यावरून बैलांच्या साजाची पेटी काढली. गेरूची पुडी होती, धवळ्याची घुंगुरमाळ होती, एक लाल गोंडा होता. मी खुराड्यात गेले. मंगी सावलीत पडली होती, दोनच महिन्यांची गाभण. मी तिला धुतलं, गेरू कालवून तिच्या पांढऱ्या अंगावर वाटीच्या काठाचे गोल ठसे उठवले, जसे नाना धवळ्याच्या अंगावर उठवायचा. कानांच्या मागे बोटांनी रंग लावला. तिला तिथे खाजवलेलं फार आवडे. घुंगुरमाळ गळ्यात घातली. मांडा भरवला. तिने तो इतक्या घाईने खाल्ला की मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी मी मोठ्याने हसले आणि त्या आवाजाने मीच दचकले. सोळा वर्षांची होते मी. थट्टा करावी असं माझ्या मनात नव्हतं. सण होता, आणि आमच्या घरी सण करायला ती एकटी उरली होती. मग पाण्यासाठी म्हणून मी विहिरीकडे गेले, तिथे काठावर बसून ढोल ऐकत राहिले. खुराड्याची आगळ मी लावली नव्हती.

पुढचं मी पाहिलं नाही, गावाने पाहिलं. मंगीला पुरणाची चव लागली होती आणि त्या दिवशी वारा गावाकडून येत होता. ती गाडीवाटेने सरळ निघाली, घुंगरं वाजवत. वेशीपाशी सगळे बैल तोंडं गावाकडे करून उभे, ढोलवाले बेभान. भिका काका बैलांच्या पुढे होऊन नारळ फोडायला वाकले, आणि त्यांच्या बाजूने एक पांढरी, रंगवलेली, घुंगरं घातलेली डुकरीण शांतपणे तोरणाखालून आत गेली. बैल बुजले. काकांच्या जोडीतल्या एकाने कासरा तोडला. तोरण खाली आलं. पोळा फुटला होता आणि तो मंगीने फोडला होता.

मी विहिरीवरून उठले तेव्हा गाडीवाटेने माणसं येताना दिसली. पुढे भिका काका, मागे पंधरा-वीस जण, आणि त्यांच्यात दोरीने बांधलेली मंगी. मी धावत घरात शिरले, दाराच्या फळीमागे उभी राहिले. माझे हात कोपरापर्यंत गेरूने माखलेले होते. नाना खांद्यावर फावडं घेऊन मिरचीतून आला.

"कोनी सजाडं इले?" काकांचा आवाज चिरका झाला होता.

नानाने मंगीकडे पाहिलं, तिच्या कानामागच्या बोटांच्या रेघांकडे पाहिलं. मग त्याने मान वळवून दाराच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांकडे. मी हात पाठीमागे घेतले. आयुष्यात मी जी काही कृत्यं केली असतील त्यांत मला हे सगळ्यात स्पष्ट आठवतं, हात मागे घेण्याचं.

"मी सजाडं, काका," नाना म्हणाला.

"काबरं रे? मन्हा बापना बैल त्या तोरणखाल पहिले जायेत. आज तुन्ही डुकरीन गयी. आमनी इटंबना कराले?"

"इटंबना नही, काका. बैल नही ऱ्हायनात. हातले सवय शे."

कोणीतरी मागून म्हणालं, "काका, पोटुशी शे ती. मारू नका, पाप लागी." दोघं-तिघं हसले. त्या हसण्यानेच काका जास्त संतापले. ते आणखी पुष्कळ बोलले, बापाचं नाव काढलं, शिक्षणाचं नाव काढलं. नाना ऐकत उभा राहिला. माय आतून आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. तिने माझे हात पाहिले, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी फळीमागे गप्प आणि तो उन्हात एकटा. माणसं गेल्यावर तो दारापाशी आला.

"इंदू, हात धोय," म्हणाला आणि त्याने चुलीतल्या राखेकडे बोट दाखवलं. "राखघाई धोय. नुसता पानीघाई निंघाव नही."

सुमनचे मामा आमच्याच गावचे होते. आठ दिवसांत ते आले. ओट्यावर बसले नाहीत, उभ्याउभ्याच साडी-नारळ परत दिलं. डुकरांचं आम्ही गिळलं होतं, म्हणाले, पण गावाच्या मानाची थट्टा करणाऱ्या पोराच्या घरात पोर कशी द्यायची? नानाने साडी दोन्ही हातांनी घेतली. त्याच क्षणी मी बोलले असते तर? मामा निघाल्यावरही बराच वेळ वाटेवर दिसत होते, हाक ऐकू गेली असती. शाळेत मी कितीतरी भाषणं पाठ म्हटली होती. त्या दिवशी माझ्या तोंडून एक वाक्य निघालं नाही, कारण ते वाक्य निघालं की माझ्याही सोयरिकीचा प्रश्न उभा राहील एवढा हिशोब मी त्या वयात करू शकत होते.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी मंगीला पिलं झाली. अकरा. नाना एकेकाचं नाक कोरड्या फडक्याने पुसून मला देत होता आणि मी ते आचळाला लावत होते. शेवटचं पिलू हातात मावेल एवढं होतं, उबदार, थरथरणारं. तेही जगलं. सगळं झाल्यावर नाना हात धुऊन बांधावर गेला आणि गावाकडे तोंड करून उभा राहिला. अशी बातमी माणूस कोणाला तरी सांगतोच. थोडा वेळ उभा राहून तो परत आला आणि मायला म्हणाला, "अकरा शेतस." ते तिला आधीच माहीत होतं.

मिरची लाल झाली तेव्हा तोडायला गावातून एकही बाई आली नाही. दरवर्षी आम्ही त्यांच्या वावरात जायचो, त्या आमच्या वावरात यायच्या. त्या वर्षी तो फेरा आमच्या बांधापाशी तुटला. आम्ही तिघांनीच सगळा हिवाळा मिरची तोडली. बोटांची आग आग व्हायची, माय ताकाने हात चोळून द्यायची, आणि डोळ्यांतून पाणी आलं तर मिरचीचं आहे असं म्हणायची सोय होती. नंदुरबारच्या पथारीवर, तिथे मैलभर लाल मिरची वाळत पडते, आमचीही पडली. कुठल्या खताची म्हणून तिथे कोणी विचारलं नाही. आमच्या गल्लीतल्या कुणाच्या तरी भाजीतही ती गेली असणार. त्या मिरचीवर आणि त्या पिलांवर मी नंदुरबारच्या कॉलेजात गेले, पुढे मास्तरीण झाले. माझं लग्न वेळेवर झालं. नानाचं झालं नाही. दोन-तीन ठिकाणं आली, पोळ्याची गोष्ट त्यांच्या आधी पोचलेली असे. माय गेल्यावर तो इथे एकटाच राहिला. गाव हळूहळू बोलू लागलं, पुढे तर लोक त्याच्याकडे पिलं मागायला येऊ लागले, पण तोवर त्याला ओट्यावर दुसरी खाट टाकायची सवय राहिली नव्हती.

एकदा, मी चाळिशीला आले असताना, दिवाळीत त्याला विचारलं. तो कोंडा कालवत होता.

"नाना, तव्हय मन्हं नाव काबरं नही सांगं?"

त्याने तळाचा कोंडा वर काढला. "तुन्हं सांगतू ते दोन्हीसनं नाव गावना तोंडमा जातं," म्हणाला. "एकनं पुरे व्हतं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "बादली दे."

तेराव्याला भिका काका आले होते. नव्वदीचे आहेत, काठी टेकत आले, लिंबाखाली खुर्ची दिली. भोवती चार माणसं जमली तशी त्यांनी ती गोष्ट काढली. गावात ती आता गमतीची गोष्ट झाली आहे. ज्यांनी पाहिली नाही तेही हावभाव करून सांगतात. "एक नंबर खटपट्या माणूस," काका म्हणाले. "तोरणखाल डुकरीन काढी त्यानी! आते सांगस तुम्हले, त्या दिन मी आठे येईसन भांडनू, आनी घर जाईसन पोट धरीसन हासनू."

हासनू. मी चहाचे पेले गोळा करत होते. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काका, ती मी सजाडी व्हती. नानानी नही."

चारी माणसं माझ्याकडे बघू लागली. काकांनीही वर पाहिलं. त्यांचे डोळे पाणावलेले होते. म्हाताऱ्या माणसाचे असतातच. मग त्यांनी हात माझ्या मनगटावर ठेवला, दुःखात माणूस भलतंसलतं बोलतो तेव्हा ठेवतात तसा.

"नही वो बाई. मन्हा समोर, सोताना तोंडे बोलना तो. आनी तुन्हा भाऊ कधी खोटं नही बोले. बठ्ठा गावले माहीत शे."

बाकीच्यांनी माना हलवल्या. खरंच, नाना कधी खोटं बोलला नाही, असं एक जण म्हणाला. दुसऱ्याने त्याचं आणखी एक उदाहरण सांगितलं. एवढी वर्षं मी ते वाक्य जपून ठेवलं होतं, आणि आता ते घ्यायला कोणी नव्हतं. मी पुढे बोलू शकले असते. शपथ घेतली असती. पण मग भाऊ खोटं बोलला, हे मला सिद्ध करावं लागलं असतं, आणि त्याच्यापाशी गावाने दिलेलं तेवढं एकच होतं. मी पेले उचलले.

चार वाजले आहेत. थोरलीने सुरुवात केली आहे. मी वही मिटते, कोंडा कालवते, पाटी भरते. त्या खातात तेवढा वेळ मी तिच्या कानामागे खाजवत उभी राहते. तिलाही तिथेच आवडतं. बाहेर येऊन आगळ लावते. दहा पावलं चालून परत जाते आणि हात लावून बघते, लागली आहे ना.